सासूबाईंची आहेराची वही रद्दीत घालू का?

डोंबिवलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या ५४ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. पती गेल्या वर्षी निवृत्त झाले. मुलाचं लग्न येत्या मे महिन्यात आहे. सासर सातारा जिल्ह्यातलं. थोरले दीर आणि जाऊबाई गावी शेती करतात. सासूबाई गेल्या श्रावणात गेल्या. त्यांची पत्र्याची पेटी डोंबिवलीला आली आणि त्यात लाल कापडी बांधणीची आहेराची वही निघाली, पहिली नोंद १९७४ ची.

आमंत्रणांची यादी करायला म्हणून वही उघडली आणि एका रात्री बसून त्यांनी सगळाच हिशेब मांडला. लग्न झालं १९९६ मध्ये; तेव्हापासून यांच्याकडून गावाकडे गेलेले सुमारे पावणेचार लाख, तिकडून आलेले अठ्ठेचाळीस हजार. जाऊबाईंच्या माहेरून यांच्या लग्नात ५०१ रुपये आणि एक पातेलं आलं होतं. यांनी २०१९ मध्ये त्यांच्या भाच्याच्या लग्नात ५,००१ दिले. पुतण्याच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी ६०,०००. विहिरीवरची मोटर आणि पाइपलाइन यांसाठी ४५,०००. त्याच पुतण्याला दुकान टाकायला २०२१ मध्ये दीड लाख उसने दिले. त्यातला रुपयाही परत आला नाही, उलट मागच्या दिवाळीत दारात नवी मोटारसायकल. "सासूबाई शेवटची चार वर्षं गावीच होत्या, त्यातलं दीड वर्ष अंथरुणावर. त्यांच्या औषधांचे पैसे आम्ही दरमहा पाठवत होतो, ते तर मी यात धरलेलेच नाहीत."

मन खरं दुखावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत यजमानांची बायपास झाली. रात्री अडीचला छातीत कळ आली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकांनी गाडी काढली आणि सकाळपर्यंत हॉस्पिटलात बसून राहिले. गावाहून पाचव्या दिवशी फोन आला. डिस्चार्जनंतर दीर आले, पिशवीभर घेवडा ठेवला, जेवले आणि त्याच संध्याकाळी परत गेले. जाऊबाई आल्याच नाहीत. "हिशेब मांडणारी मी कोत्या मनाची का? मुलगी म्हणते, आई, नात्यात हिशेब करायचा नसतो. हे काहीच बोलत नाहीत. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापून हे खातं एकदाचं बंद करावं का? आणि या वहीचं काय करू, रद्दीत घालू?"

पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे वाचले, दुसऱ्यांदा तारखा. तारखांकडे नंतर येते.

आधी तुमच्या मुलीशी थोडं भांडते. नात्यात हिशेब करायचा नसतो असं म्हणणारी माणसं बहुतेक वेळा अशी असतात, की ज्यांच्या वाट्याचा हिशेब दुसरं कुणीतरी ठेवत असतं. कुणाची साठी कधी, कुणाच्या मुलीचं डोहाळजेवण, कुणाला साडी आणि कुणाला नुसता खण, मागच्या खेपेला आपल्याला काय आलं होतं, हे सगळं घराघरांत एका बाईच्या डोक्यात असतं. बाकीच्यांनी फक्त नवे कपडे घालून जायचं. तुमच्या घरी ही जबाबदारी सासूबाईंकडून तुमच्याकडे आली आणि पेटी उघडायच्या कितीतरी आधी आली. तेव्हा कोत्या मनाच्या वगैरे काही नाही. तुमच्या सासूबाई पन्नास वर्षं लिहीत होत्या, त्यांना कुणी कोतं म्हटलं नाही.

पण एक विचारू? वही परत उघडून बघा. सासूबाईंनी कुठल्याही पानाखाली बेरीज मारली आहे का? मी आजवर अशा तीन-चार वह्या पाहिल्या आहेत, आजोळची एक आणि मैत्रिणींच्या घरातल्या. नाव, गाव, काय आलं, कधी आलं. एखाद्या नावापुढे बारीक अक्षरात "परत केले". बेरीज एकीतही नव्हती. बेरीज तुम्ही मारलीत. त्या रात्री तुम्ही वही वाचत नव्हता, तिचा ताळेबंद काढत होता. ती वही त्यासाठी नव्हतीच.

ती कशासाठी होती? लग्न म्हणजे घरावर एकदम कोसळणारा खर्च. बँक नाही, पगार नाही, पैसा येणार तो सुगीला. मग भाऊबंद, सोयरे, शेजारी थोडं थोडं आणून घालत: कुणी पायली-दोन पायली धान्य, कुणी भांडं, कुणी अकरा रुपये. माझ्या लहानपणी मांडवात आहेर पुकारायचे. लाउडस्पीकरवरून सगळ्या गावाला कळायचं, अमक्याकडून एकवीस रुपये, तमक्याकडून टॉवेल-टोपी. आम्हा पोरांना त्याची मजा वाटे. ज्यांच्या नावावर पाच रुपये पुकारले जात त्यांना काय वाटत असेल, हे फार उशिरा कळलं. म्हणजे ती पद्धत काही सगळी सोन्यासारखी नव्हती. पण होती ती ही: तारीख न ठरवलेली भिशी. आज तुमच्या दारी मांडव, उद्या त्यांच्या. वही एवढ्यासाठीच, की त्यांची पाळी येईल तेव्हा आपण कमी पडू नये आणि त्यांच्या कुवतीबाहेरचं देऊन त्यांना अवघडूनही टाकू नये. परत करताना थोडं वर द्यायचं. बरोबर तेवढंच परत केलं तर ते फेडल्यासारखं दिसतं. पाकिटावरचं एक रुपयाचं नाणं त्याच घराण्यातलं.

आता तुमच्याच आकड्यांतला एक घेऊ. ५०१ आले आणि ५,००१ गेले, म्हणजे दहापट, असं तुम्ही लिहिलंय. १९९६ मध्ये दहा ग्रॅम सोनं पाच हजारांच्या आसपास मिळत होतं. म्हणजे त्या ५०१ रुपयांत जवळजवळ एक ग्रॅम सोनं येत होतं. २०१९ मध्ये भाव पस्तीस हजारांच्या घरात होता. तुमच्या ५,००१ मध्ये दीड ग्रॅमही पुरतं येत नव्हतं. दहापटीची दीडपट झाली. शिवाय पातेलं राहिलंच. जुन्या वहीतले रुपये आणि आजचे रुपये एका रकान्यात मांडले की नेहमी आपणच दानशूर दिसतो. इतर वाचकांनीही हे लक्षात ठेवावं, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी दिलेले "फक्त अकरा रुपये" यावर पुष्कळ घरांत हसणं चालतं.

हे मी तुम्हाला हरवायला सांगत नाही. पावणेचार लाख हा खरा आकडा आहे, कष्टाचा आहे आणि अठ्ठेचाळीस हजार त्याच्यापुढे कमीच आहेत. माझं म्हणणं इतकंच, की त्या पावणेचार लाखांत तीन वेगवेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच पोत्यात भरल्या आहेत.

तुमच्या सासरच्या गावात जुन्या माणसांना विचारा. शेतावर एकमेकांकडे कामाला जायच्या दोन रीती होत्या. एक पैरा. कुठे त्याला सावड म्हणतात, कुठे वारंगुळा. तुमच्या रानात मी दोन दिवस बैल आणले, तर माझ्या रानात तुम्ही दोन दिवस आणायचे. चोख मोजलेलं, विसरलं तर आठवण करून देण्यात कुणाला लाज नव्हती. दुसरी इर्जिक. एखाद्याचं रान पडून आहे, घरात आजारपण आहे, नाहीतर काम एकट्याच्या आवाक्यातलं नाही, तर सगळे एका दिवशी जमायचे आणि काम उरकून टाकायचे. ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं, झालं. कोण किती तास राबलं हे कुणी मोजत नसे. एकच गाव, तीच माणसं. पण पैऱ्याला इर्जिक समजायचं नाही आणि इर्जिकीचा पैरा करायचा नाही, एवढं भान होतं. भांडणं व्हायची ती सरमिसळ झाली की.

तुमच्याकडे हीच सरमिसळ झाली आहे. आहेर तो आहेर, त्याचं वर सांगितलं. पुतण्याची फी म्हणजे मदत. ती देताना परत यावी असं तुमच्या मनात होतं का? नसेल, तर आज ती येण्याच्या रकान्यात शोधू नका. मोटर आणि पाइपलाइन यांबद्दल मात्र मला एक शंका आहे. पत्रात वाटणी झाल्याचा उल्लेख नाही. सातबाऱ्यावर तुमच्या यजमानांचं नाव आहे का? असेल तर विहीर तुमचीही आहे आणि ते ४५,००० तुम्ही स्वतःच्या विहिरीवर खर्च केलेत. हे लग्नाआधी काढायचं प्रकरण नाही, पण तुम्हाला स्वतःला माहीत असलेलं बरं.

राहिले दीड लाख. ते उसने. उसने म्हणजे पैरा. मागायला लाज कसली? तुम्ही चार वर्षं थांबलात, मनातल्या मनात मोटारसायकलीची किंमत मोजलीत, पण पत्रावरून असं वाटतं की पुतण्याला सरळ विचारलं कुणीच नाही. भाऊ भावाला कसं विचारणार, काकू पुतण्याला कसं विचारणार. मग ते पैसे प्रत्येक सणाला तुमच्याबरोबर ताटावर बसतात. तुम्ही दोघांनी आधी ठरवा: हे पैसे हवेत, की सोडायचे? हवे असतील तर पुतण्याला एकट्याला फोन करा. भावाला नाही, जाऊबाईंना तर मुळीच नाही. पैसे घेतले ते पोरानं, तीस-पस्तिशीचा असेल तो. "लग्नाच्या गडबडीत तुला अडवत नाही, पण जूनपासून महिन्याला किती जमतील ते तूच सांग." तीन हजार म्हणाला तर तीन हजार. सोडायचे असतील तर तेही तोंडानं सांगा, एकदाच सांगा आणि नंतर ते पैसे कुठल्याही वाक्यात येऊ देऊ नका. मनात सोडलेले पैसे सुटत नाहीत, समोरच्याला कळलेलंच नसतं.

(ज्यांच्यावर असा प्रसंग अजून यायचा आहे त्यांच्यासाठी: नात्यातल्या माणसाला मोठी रक्कम उसनी देताना ती खात्यातून खात्यात द्या. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं कर्जाऊ घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. चार ओळींची चिठ्ठी लिहून दोघांनी सह्या करा. उसन्या पैशांचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. दावा कुणाला करायचा नसतोच, पण चिठ्ठी असली की "मदत होती ना ती?" हा प्रश्न उठत नाही. चिठ्ठी मागणं ज्या नात्यात अपमानाचं वाटेल, तिथं परत न आले तरी चालेल एवढीच रक्कम द्यावी.)

आता तारखा.

यजमानांची बायपास गेल्या वर्षी फेब्रुवारीत. सासूबाई गेल्या त्याच वर्षी श्रावणात. आणि त्याआधीचं दीड वर्ष त्या अंथरुणावर होत्या. ही वाक्यं तुमच्या पत्रात दोन वेगळ्या पानांवर आहेत, म्हणून कदाचित ती तुम्हाला शेजारी-शेजारी दिसली नसतील. फेब्रुवारीत जाऊबाई आल्या नाहीत, कारण फेब्रुवारीत त्या तुमच्या सासूबाईंचं अंथरूण बदलत होत्या. दीर जेवून त्याच संध्याकाळी निघाले ते त्यामुळेच असावं. घरात एक बाई एकटी आणि उठवून बसवायला दोन माणसं लागणारी म्हातारी.

सासूबाईंचं आजारपण तुमच्या पत्रात औषधांच्या पैशांच्या वाक्यात येतं. औषधांचे पैसे तुम्ही पाठवलेत, वेळेवर पाठवलेत, यात शंका नाही. पण औषध पाजायला माणूस लागतो. कूस बदलायला लागतो, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री तीनदा उठायला लागतो. एक करा, फक्त तुमच्यापुरतं करा: डोंबिवलीत चोवीस तासांच्या बाईचे ब्युरोवाले महिन्याला काय घेतात ते एक फोन करून विचारा आणि अठरानं गुणा. मग पावणेचार लाखांकडे परत बघा. आणि तो आकडा कुठेही लिहू नका, कुणाला सांगू नका. जाऊबाईंना तर कधीच नाही. त्यांनी जे केलं त्याला किंमत लावून त्यांच्यापुढे ठेवणं हा पैसे न देण्याहूनही मोठा अपमान होईल.

इथे मी थांबून एक सांगते, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. जाऊबाईंनी ते हौसेनं केलं असं मी म्हणत नाही. त्यांना कुणी विचारलं होतं का? चार वर्षांपूर्वी सासूबाई गावी राहतील हे कुठल्या बैठकीत ठरलं, त्या बैठकीत जाऊबाई बोलल्या होत्या का? आपल्याकडे घराण्याचं औदार्य म्हणून जे मिरवलं जातं, त्यातलं बरंचसं एखाद्या सुनेच्या कंबरेतून वसूल केलेलं असतं. ती "देते" असं आपण म्हणतो, कारण "तिच्यावर टाकलं" असं म्हणायला जड जातं. त्याच आठवड्यात तुम्ही दोघी जावा अडीचशे किलोमीटरच्या अंतरावर दोन खाटांपाशी जागत होतात आणि दोघींनाही वाटत होतं की दुसरीनं साधी चौकशी केली नाही. त्यांच्याकडेही एक वही असेल हो. लिहिलेली नसेल, एवढंच.

पाच दिवस फोन आला नाही, त्याचं समर्थन मात्र मी करणार नाही. सख्खा भाऊ ऑपरेशनच्या टेबलावर असताना फोन करायला दोन मिनिटं लागतात. ते तुम्हाला लागलं असेल तर लागणारच. पण पत्रात एक गोष्ट नाही: त्या रात्री तुम्ही गावी कळवलं होतं का, आणि कधी? आपल्याकडे एक चमत्कारिक स्वाभिमान आहे, "कशाला उगाच त्यांना त्रास" म्हणून सांगायचं नाही आणि मग "कळायला नको?" म्हणून वर्षभर झुरायचं. कळवलं असेल तर दिरांना हे जरूर सांगा, की फोन उशिरा आला त्याचं वाईट वाटलं. तक्रार म्हणून सांगा, टोमणा म्हणून नको. कळवलं नसेल, तर मग हा मुद्दा सोडून द्यावा लागेल.

तुम्ही देणाऱ्या बाई आहात. तीस वर्षं घेण्याची सवयच राहिलेली नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांचंच बघा. "त्यांना आम्ही पेढे दिले, शुगर आहे म्हणून त्यांनी घेतले नाहीत, त्यामुळे ते राहूनच गेलं," असं तुम्ही लिहिलंय. काय राहून गेलं? उतराई होणं? अडीच ते सकाळ, पाच-सहा तास लाकडी बाकावर बसलेल्या माणसाला अर्धा किलो पेढे देऊन आपण मोकळं व्हायला बघतो. बरं झालं त्यांना शुगर आहे ते. वहीत त्यांचं नाव नाही, कारण ते सोयरे नाहीत, भाऊबंद नाहीत, गावचे नाहीत. नुसते खाली राहतात. पण १९७४ साली सासूबाईंनी ज्यांची नावं लिहिली तीसुद्धा रात्री अडीचला हाकेच्या अंतरावर असणारी माणसंच होती. ती हाक आता त्या वहीतल्या नावांपर्यंत पोचत नाही.

काकांना लग्नाची पत्रिका लेटरबॉक्समध्ये टाकू नका. घरच्यांबरोबर केळवणाला बोलवा. आणि त्याहून उपयोगाचं म्हणजे त्यांच्याकडे काहीतरी मागा. लग्नाच्या आठवड्यात घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा, पाहुण्यांच्या दोन गाड्या सोसायटीत लावायचं त्यांच्यावर सोपवा. ते एकटे राहत असतील तर त्यांची एक किल्ली तुमच्याकडे असू द्या. वाटी रिकामी परत करायची नाही हा आपल्याकडचा फार शहाणा नियम आहे. साखरेची वाटी गेली की चार लाडू घालून परत यायची आणि मग लाडवांची वाटी तिकडे अडकून पडायची. कोण कुणाचं देणं लागतं हे कधी कळायचंच नाही. आता आपण वाटीच मागत नाही, दहा मिनिटांत साखर दारात येते. सोय आहे, मीही मागवते. पण खालच्या मजल्यावर कोण राहतं हे कळायला मग बायपास व्हावी लागते.

पत्रिकेवरच्या ओळीबद्दल. "कृपया आहेर आणू नये" ही ओळ मला एरवी आवडते. खूप जणांना ती मोकळं करते, विशेषतः ज्यांना एका महिन्यात पाच लग्नं असतात त्यांना. पण तुम्ही ती दोनशे घरांना छापणार आणि तुमच्या मनात ती एकाच घरासाठी असणार. ते घर ती ओळ बरोबर ओळखेल. शिवाय एक बघा. तीन एकरांचा शेतकरी शहरातल्या पुतण्याच्या लग्नाला येतो, एसी हॉल, कोट घातलेले वाढपी, तिथं त्याच्या हातात देण्यासारखं एक पाकीट तरी असतं. त्या पाकिटावर तो ताठ उभा असतो. तेच काढून घेतलंत तर त्याने नुसतं जेवायचं? आणि हो, रिटर्न गिफ्ट ठेवणार असाल तर कृपा करून ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत डबा घालून दारातच हातावर ठेवायचा, म्हणजे आलेला आहेर हॉलच्या बाहेर पडायच्या आत फेडला. कसलंच देणं उरू द्यायचं नाही अशी घाई दिसते त्यात. तुम्हाला आहेर मनापासून नको असेल तर दोन वर्षांनी मुलीच्या लग्नात छापा, शांत डोक्यानं. या लग्नात नको.

वहीच्या बाबतीत तुम्ही "इंद्रायणीत सोडून द्यावी असं वाटतं" असंही एका ओळीत लिहिलंय. तुकोबांची आठवण कुणालाही होईल. दुष्काळानंतर त्यांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली अशी परंपरा आहे. पण त्या कथेतला एक बारकावा आपण सांगताना गाळतो. त्यांनी सगळी खतं बुडवली नाहीत. आधी धाकट्या भावाचा, कान्होबांचा अर्धा वाटा त्याच्या हवाली केला आणि मग आपल्या वाट्याचीच बुडवली. दुसऱ्याच्या वाट्याचं औदार्य त्यांनी केलं नाही. तुमच्या पावणेचार लाखांत अर्धे तरी यजमानांचे असतील. ते काही बोलत नाहीत असं तुम्ही म्हणता. छातीवर टाके असलेला माणूस भाऊ आणि बायको यांच्यामध्ये काय बोलणार? त्यांना "बरोबर कोण" हे विचारू नका. "दीड लाखांचं काय करायचं" एवढंच विचारा. त्याचं उत्तर ते देऊ शकतील.

आणि वही रद्दीत नको. माझ्या आईकडे एक पितळी डबा आहे, त्यावर ठोके मारून नाव घातलंय, "यांजकडून सप्रेम भेट", खाली १९६१. ते नाव कुणाचं हे आज घरात कुणालाच सांगता येत नाही. आई डाळ ठेवते त्यात. विचारायला हवं होतं तेव्हा विचारलं नाही आणि ज्यांना माहीत होतं ते गेले. तुमच्या वहीत अशी किती नावं असतील, की जी फक्त जाऊबाई ओळखतात. त्या गावात तुमच्याहून जास्त वर्षं राहिल्या आहेत.

म्हणून असं करा. पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवायला गावी जावंच लागेल. व्हॉट्सॲपवर देवाला पत्रिका जात नाही अजून. तुम्ही दोघं जा. दीर-जाऊबाईंना अक्षत घराच्या उंबऱ्यात द्या. हळदीचा मुहूर्त करताना जात्याला पहिला हात जाऊबाईंचा लागू दे, हे तिथंच सांगा. सासूबाई नाहीत, मोठेपणाची जागा आता त्यांची आहे आणि ती त्यांना कुणीतरी द्यायला हवी. वही बरोबर न्या. रात्री जेवणं झाली की दोघी बसा आणि पहिल्या पानापासून विचारत जा, हे कोण, हे कुठले. यादी आपोआप होईल. जमलं तर सासूबाईंच्या शेवटच्या दीड वर्षाबद्दल विचारा, आणि त्या सांगतील तेवढं ऐकून घ्या. आमचंही तेव्हा असं झालं होतं, हे लगेच मध्ये घालू नका. त्याची वेळ येईल.

घेवड्याची ती पिशवी सापडली तर तीही न्या, रिकामी नको. आणि काही झालं तरी त्याच संध्याकाळची परतीची गाडी पकडू नका.